बाकीचे खंय गेले?

विश्राम बोटीवर भांडी घासायचा.
स्वानसीच्या बंदरात बोट नऊ दिवस अडकली
तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानातून
त्याने एक कॅसेट घेतली.
का घेतली, ते त्यालाही सांगता आलं नाही.
म्हणाला, वरच्या चित्रात समुद्र होता,
मातकट, आपल्या खाडीच्या तोंडाशी असतो तसा.

तळाशीलात टेपरेकॉर्डर एकच,
पास्कूच्या बर्फ कारखान्यात.
कॉम्प्रेसर बंद असेल तेवढाच वेळ गाणं.
आम्ही लाद्यांवरच्या भुशावर बसायचो,
ढुंगण गार, कान गरम.

आत घडी घातलेला कागद होता.
माझं इंग्रजी दहावीपुरतं,
म्हणून वाचायचं काम माझ्याकडे.
गायक : एमरिस, पुढे आडनाव,
दोन एलनी सुरू होणारं.
पास्कूने उच्चार करून पाहिला,
थुंकी माझ्या चष्म्यावर.
गिटार : एमरिस.
ड्रम : एमरिस.
बास, पियानो, मागून येणारे आवाज,
तोच, तोच, पुन्हा तोच.
सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत :
बँड मोडल्यावर, बंद पडलेल्या एका प्रार्थनाघरात,
एका हिवाळ्यात.

बाबा बर्फ न्यायला आले होते.
टोपली खाली न ठेवता ऐकत राहिले.
मी सांगितलं, हे चार जण नाहीत, एकच माणूस आहे.
"एकटोच?"
एकटाच.
"मगे बाकीचे खंय गेले?"

हे कागदावर नव्हतं.

बाबा रापणीचे पुढारी. दोन दोऱ्या, साठ माणसं,
आणि मधे अर्धा समुद्र.
त्यांच्या हिशेबात एकटा माणूस
म्हणजे दोरीला विसरून राहिलेली गाठ.
तरी ते दुसऱ्या दिवशी आले, बर्फ नको असताना.

तिसरं गाणं त्याच्या स्वतःच्या भाषेतलं.
सुरू होण्याआधी तो मोजतो,
काठीवर काठी आपटत :
ईन, दाय, त्री, पेदवार.
बाबा उडालेच. "तीन म्हणता तो! आयकलंस?
परत लाव."
परत लावलं. त्री. पुन्हा लावलं. त्री.
पुढचं गाणं त्यांना नकोच होतं.
जाताना दारात थांबून म्हणाले,
"कोणीच नाय थंय, तर मोजता कोणासाठी?"

मग पर्ससीनवाले आले.
रात्री समुद्रात दिव्यांची बाजारपेठ,
सकाळी आमच्या जाळ्यात शेवाळ आणि चपला.
कुणी गोव्याच्या ट्रॉलरवर गेला,
कुणी पर्यटकांना डॉल्फिन दाखवू लागला.
रापणीचं जाळं अखंड दिसतं,
पण ते घराघरांच्या तुकड्यांनी जोडलेलं असतं.
एका दुपारी साठ जण वाळूत बसले
आणि भांडण न करता
आपापला तुकडा सोडवून घेऊन गेले.
आमचा तुकडा आता दोडक्याच्या मांडवावर आहे.
वेल त्यातून बोटं घालून वर चढते.

कॅसेट कधीच गेली. खारी हवा, बुरशी,
शेवटी टेपने फीत चावून खाल्ली.
विश्राम पुन्हा बोटीवर गेला तो रत्नागिरीत स्थायिक झाला.
एमरिसचं पुढे काय झालं, मी शोधलं नाही.
कुणीतरी त्याच्यासोबत ड्रमवर बसलं असेल,
असं धरून चाललो.

परवा पहाटे खाडीवर गेलो.
बाबा गुडघाभर पाण्यात, खांद्यावर पाग.
पागाला दुसरा माणूस लागत नाही.
मी हाक मारणार होतो,
तर ते हळू आवाजात काहीतरी म्हणत होते.
वाटलं देवाचं नाव.
ईन. दाय.
त्री जरा मोठ्याने.
चौथा शब्द त्यांना आठवत नाही बहुतेक,
तिथे त्यांनी पाग फेकला.

गोल उघडला, पाण्यावर बसला, बुडाला.
मी किनाऱ्यावर उभा होतो, दोरी त्यांच्या मनगटाला होती.

दोन शेवटे निघाले आणि एक प्लास्टिकची पिशवी.
पिशवी त्यांनी झटकली,
मासे तिच्यातच घातले.